वानाडोंगरी त्यावर नव्हतं

आधार केंद्रात उत्पलाची बोटं उमटली नाहीत.
संत्रागोळी खाल्लेली, दहाही बोटं चिकट;
नळावर धुतली, फ्रॉकला पुसली, पुन्हा काचेवर ठेवली,
यंत्र लाल ते लालच.
मग बाईंनी माझा अंगठा मागितला.
तोही नाही आला.
एमआयडीसीत अकरा वर्षं पत्रा धरून
अंगठ्यावरच्या रेषा कधीच घासून गेल्यात.
"परवा या," म्हणाल्या
आणि पंख्याचं तोंड जरा वेळ आमच्याकडं वळवलं.

बाहेर एप्रिल, दुपारचा दीड.
डांबर चपलेला सोडत नव्हतं.
रात्रपाळी माझ्या डोळ्यांतून अजून सुटली नव्हती,
खांद्यावर सम्यक, तीन वर्षांचा,
झोपेत दुप्पट जड,
त्याच्या खिशात आईनं घातलेला कांदा, ऊन लागू नये म्हणून,
तो माझ्या बरगडीला टोचत होता.
ऑटोवाला दोनशे म्हणाला.
मी हसलो, तोही हसला.

"मले नाई चालवत, बाबा."
"त्या झाडापर्यंत चाल."
झाड आलं.
"आता त्या पांढऱ्या गाडीपर्यंत."
अर्ध्यात पोचलो
तोवर गाडी निघून गेली.
उत्पला रस्त्यातच थांबली, "आता कुठवर?"
मला सांगता आलं नाही.

झिरो माईलचे चार घोडे उन्हात तसेच उभे.
"यायच्यावर बसून जाऊ," ती म्हणाली.
कठड्याशी थांबायला निमित्त हवं होतं,
खांबावरची गावं आठवतील तेवढी सांगितली:
जबलपूर, शिवणी, चांदा, हैदराबाद.
सारे रस्ते इथून मोजायचे म्हणून रोवलेला दगड.
"आन आपलं घर?"
"वानाडोंगरी नाही लिहिलेली."
"काऊन?"
"लिहिणाऱ्याला तिकडं जायचं नसन."
तिनं विचार केला.
"म्हंजे लय दूर असन."
आणि खाली बसली, तिथंच, फुटपाथवर.
खिशातली शेवटची संत्रागोळी दिली तेव्हा उठली.

मेट्रो. एक स्टेशन, मग बर्डीला बदल.
सरकत्या जिन्यापुढं सम्यक जागा झाला,
दोन्ही पाय पोटाशी घेऊन रडला,
मागं माणसं तुंबली, कुणी च्यक् केलं,
कॉलेजातली एक पोरगी माझ्या हातातली पिशवी काढून घेत म्हणाली,
"दादा, लिफ्ट तिकडं हाये,"
आणि स्वतःची गाडी सोडून आमच्यासोबत वर आली.
नाव विचारायचं राहिलं.

लोकमान्य नगरची गाडी थंडगार.
एका शिंप्यानं कापडाचं गाठोडं पायात ओढलं,
आम्ही तिघं दोन जागांत.
आमचं स्टेशन शेवटचं.
गरिबाची एवढी एक चैन: लायनीच्या टोकाला राहणं.
डोळा लागला तरी घर
पुढं निघून जात नाही.

शंकर नगर ऐकलं.
त्यानंतरचं काही ऐकलं नाही.

मध्ये अंबाझरीचं पाणी दिसलं म्हणे, अख्खं चमकत होतं.
तिनं सम्यकला हलवलं, तो उठला नाही.
मला उठवावं का, असा विचार केला,
"पण तुमचं तोंड उघडं होतं,"
मग एकटीनंच पाहिलं.

गार्डनं काच वाजवली.
डोळे उघडले तर उत्पला ताठ बसलेली,
एका हातात सम्यकचा पाय, दुसऱ्यात माझं मनगट,
दोघांपैकी कुणी घरंगळू नये म्हणून.
सोडवलं तेव्हा घामावर
चार केशरी बोटं,
रेषान् रेष.
पुसली नाहीत.
पुसायला हात मोकळा नव्हता.

कांदा कुठं पडला कोण जाणे.
खाली शेअर ऑटोत पाच माणसं आधीच,
"लेकरं मांडीवर घ्या, एकाचेच पैसे."
तिचं डोकं माझ्या गळ्याशी, भट्टीसारखं.
"आता किती?"
मी काही बोलायच्या आत ड्रायव्हरनं
आरसा तिच्याकडं वाकवला,
"हे काय, आलंच."
खोटं होतं.
त्यानं गाडी सुरू केली.