उजवा हात गळ्यात

तावडे हॉटेलच्या वळणाला स्कूटर घसरली,
उजवं मनगट प्लास्टरमध्ये.
आता डाव्या हातानं माऊस धरून
टर्मिनलच्या माथ्यावरची पट्टी उघडतोय,
बावीस वर्षांत पहिल्यांदा.

उद्यमनगरात आमची फाउंड्री. भट्टीचं तापमान
काळ्या खिडकीत मिनिटाला एक ओळ टाकतं,
ती ओळ मी तीन बोटांत उचलायचो,
बघणाऱ्याला कळायच्या आत.
नव्या आलेल्या सुप्रभा कुंभोजकरला मेनू चाळताना बघून
म्हणालो होतो,
"पाहुण्याच्या घरात चमचा हुडकालीस काय?"

आज ती मागं उभी. नुसतं एवढंच:
"संपादन. खाली. अजून खाली."

'नक्कल करा' फिकट पडलेलं.
दोनदा दाबलं. तिसऱ्यांदा जोरात.
"सर, आधी काहीतरी निवडायला लागतंय."
व्हय की.

आणि प्रत्येक शब्दाच्या उजव्या कडेला, बारीक अक्षरांत,
माझ्याच बोटांची वाट लिहून ठेवलेली:
कंट्रोल, शिफ्ट, सी.
मला वाटायचं, हे फक्त हातालाच ठाऊक.
इथं तर कुणीही वाचावं.

'दृश्य'मध्ये 'मोठं करा' होतं. केलं.
ज्वारीच्या दाण्याएवढे आकडे
शेंगदाण्याएवढे झाले.
चौदाशे वीस. चौदाशे पंचवीस.
चष्मा कपाळावर ढकलून वाचत राहिलो,
खालून इलाही मिस्त्री ओरडेपर्यंत:
"ओतायचं का न्हाई, सायेब?"