अंदाजपत्रक, जुळे सोलापूर

साहेब, आधी माती.
तुमच्या प्लॉटवर ती नाही, मुरूम आहे.
बिल्डरनं पाया खणून जमिनीचं पोट
वरच पसरून ठेवलंय. त्यात फरशीचे तुकडे,
दगड झालेल्या सिमेंटच्या दोन पिशव्या,
आणि एक चप्पल, लहान पोराची.
ती मी कुंपणावर ठेवलीय. तिचे पैसे नाहीत.

काळी माती तीन ब्रास. मंद्रूपकडून येते.
दर लिहिलाय, पण ट्रॅक्टरवाला मौलाली
ऊन बघून भाव सांगतो,
म्हणून पुढे ‘अंदाजे’ हा शब्द.

लॉन साडेसहाशे फूट, फुटाला पंचेचाळीस.
गुंडाळ्या रात्रीच्या गाडीनं येतात, ओल्या पोत्यात.
उलगडताना माझा हात आधी किनार चाचपतो.
वडील साखरपेठेत मागावर होते,
लाईट गेली तरी तुटला धागा त्यांच्या बोटाला कळायचा.
मला मुळं कळतात, जिवंत की गेलेली.
घरातून एवढंच आलं. माग भंगारात गेले.

पाण्याचा रकाना कोरा सोडलाय.
नळ येतो चार दिवसांनी, कधी पाच,
आणि गवताला उपास माहीत नाही.
मेमध्ये टँकर लागेल. तो माझ्या बिलात धरू नका,
आणि गवत पिवळं पडलं तर मलाही धरू नका.

परवाना विचारलात, बरं केलंत. कुणी विचारत नाही.
आहे. वर्ग ड.
म्हणजे रस्त्याच्या दुभाजकात कण्हेर लावू शकतो,
बाग करू शकत नाही, सरकारी.
हैसियत दाखला, अनामत, तीन वर्षांचे हिशेब,
सगळं दिलं. मग खिडकीतला म्हणाला,
उद्यानविद्येची पदवी कुठाय?

पदवी भुवनेश्वरी म्हेत्रे यांची आहे.
कागदावर त्या माझ्या ‘तांत्रिक व्यक्ती’,
वर्षाला आठ हजार.
चार वर्षांत एकदाच फोन आला त्यांचा,
गॅलरीतला कढीपत्ता पिवळा पडतोय, काय करू ओ?
आंबट ताक घाला, म्हणालो.
नंतर बराच वेळ आम्ही दोघंही फोन ठेवेनात.
हे अंदाजपत्रकात बसत नाही.
पण तुम्ही परवाना विचारलात, म्हणून सांगितलं.

मजुरी: चार माणसं, सहा दिवस.
अकरा ते चार काम बंद. तेवढ्यात कपात करू नका.
शेणखत, खडी, पाईप, ठिबक वेगळ्या पानावर आहे.

आता पश्चिमेचा कोपरा.
तिथं एक कडुलिंब आलाय, गुडघ्याएवढा,
त्या ढिगाऱ्यातूनच, कुणी तांब्याभर पाणी न घालता.
ताई म्हणाल्या, काढा, लॉनची कड सरळ येत नाही.
काढायचे अडीचशे.
ठेवायचे काही नाही.
दोन्ही दर लिहिलेत, तुम्ही खूण करा.

ठेवलात तर सात-आठ वर्षांनी
दुपारचं ऊन तुमच्या खिडकीपर्यंत येणार नाही.
आणि त्याच्याखाली गवत धरत नाही,
म्हणजे लॉन चारशे फुटांत भागेल,
म्हणजे मला सव्वाअकरा हजार कमी.
हे लिहायला नको होतं.
पेनानं लिहिलंय, आता खोडलं तर
पान वाईट दिसेल.

दर पंधरा दिवस ग्राह्य. निम्मे आगाऊ.

आपला,
अंबादास गज्जम,
वर्ग ड.

ता. क. काल परत माप घ्यायला आलो होतो.
कुंपणावर चप्पल नव्हती.
कुणी नेली असेल, नाहीतर वारा.
रोपट्याभोवती मात्र कुणीतरी
विटांचे चार तुकडे मांडलेत.
मी नाही मांडले.