सहा वाजून दहा मिनिटं

वडील केम्चीला, बेटावर. मी वाळवंटात,
तांब्याच्या खाणीत.
मधे दोन हजारांवर किलोमीटर
आणि दोघांचाही न बोलण्याचा स्वभाव.

गेल्या सुट्टीत चुलीमागच्या फळीवर
तळहाताएवढा कॉम्प्युटर ठेवून आलो,
धक्क्यावरची होडी इथून कॅमेऱ्यात दिसावी म्हणून.
पण कंपनी घराला कायमचा पत्ता देत नाही.
राऊटर बंद पडून चालू झाला
की नवा आकडा.
तेव्हा त्या डबीला शिकवलं:
आकडा बदलला की मला एक ओळ पाठव,
बिऱ्हाड हलवताना पोस्टमनच्या कानावर घालावं तसं.

ओळ रोजच यायला लागली. सकाळी सहा दहाला.
वैतागलो, कंपनीशी भांडलो,
आणि मग उमगलं:
वडील उठतात, राऊटरचा प्लग उपसतात,
त्याच भोकांत किटली लावतात,
कडू येर्बा पितात, सावकाश,
आणि प्लग परत खोचतात.

काही बोललो नाही.
पाळीच्या वहीत, डंपरच्या डिझेलखाली,
आकडे टिपू लागलो.
रविवारी सहा चाळीस. पडून राहिले असतील.
एकदा पहाटे तीनला: झोप नाही.
एका दिवसात पाच वेळा: वादळ, वीज जातेय येतेय.
होडी बघायची राहूनच गेली.

मेच्या अकराला ओळ आली नाही.
बाराला नाही.
जुना आकडा तसाच, ठाम,
हाक मारली की ओ देणारा.
कुणीही म्हणेल, बरं झालं, पत्ता टिकला.
माझ्या पोटात गोळा.
तेराला शेजारच्या ओर्फेलिनाबाईंना उठवलं.
त्या चिखल तुडवत निघाल्या. फोनमध्ये
कुत्रा, मग फाटक, मग बराच वेळ नुसता वारा.

"निबाल्दो? कोण गेलं?" वडिलांचा आवाज.
कुणी नाही. किटली कशी आहे?
"बार्रियाच्या दुकानातून चार भोकांची पट्टी आणली.
तुझ्या यंत्राची रोज झोपमोड व्हायची.
बरं नव्हतं वाटत."

तेव्हापासून एकच आकडा. वहीचं ते पान संपलं.
सहा दहाला कॅमेरा उघडतो.
अंधार, धक्क्यावरचा एकुलता बल्ब,
आणि कधी कधी टोपी सावरत कुणीतरी येतं,
कॅमेऱ्याकडे न बघता
होडीचा दोर ओढून पाहतं.
दोराला काही झालेलं नसतं.