मकरपुरा, बॉयलर नंबर दोन

बावीस मीटरवर, गंजक्या शिडीच्या टोकाला
चिमणीच्या भोकात नळी खुपसून मी उभी.
यंत्रावर आकडा: तीनशे बारा.
वर आभाळ धुतल्यासारखं. धुराचा मागमूस नाही.

उतरले तर जशुभाई पढियार
भट्टीच्या काचेला डोळा लावून.
"जुओ बेन, केवी भूरी ज्योत!"
निळी होतीच. स्पिरिटच्या दिव्यासारखी, ताठ.

म्हटलं, काका, घोटाळा तिथेच आहे.
गॅसमध्ये खोट नाही तुमच्या,
आकडा येतोय आपण फुकट घेतो त्या हवेतून.
पंखा ओढतो तिच्यात पाचातले चार वाटे नत्रवायू,
कुणाच्या अध्यात ना मध्यात,
दोन अणू एकमेकांना तीन-तीन हातांनी धरून.
माझ्या छातीतूनही रोज जातो येतो,
काही घेत नाही, काही ठेवत नाही.
भट्टीतूनही तसाच गेला असता.
पण पंधराशे अंशांच्या आसपास
सुटा प्राणवायू येऊन धडकतो,
पकड सुटते, एक अणू त्याच्याबरोबर निघून जातो,
आणि मागे राहिलेला, पिसाळलेला,
प्राणवायूची दुसरी जोडी फोडतो.
तिच्यातून पुन्हा एक सुटा.
ज्योत जितकी देखणी तितकं हे जास्त.
बाहेर पडताना त्याला रंग नसतो.
तरसालीकडे वाहत जाताना, उन्हात,
हळूहळू तपकिरी होतो.

जशुभाईंनी चष्मा पुसला.
चोवीस वर्षं निळी राखली होती त्यांनी.
"म्हणजे आता वाईट जाळू?"

परतीच्या नळीची झडप दोन वर्षं बंद,
तिच्या मुठीवर त्यांचा जेवणाचा डबा.
म्हटलं, ही उघडा. चिमणीतला निवलेला धूर
थोडा मागे फिरेल, आगीच्या तोंडाशी.
"आगने एठुं खवडाववानुं?"
हो. उष्टंच. त्यानं तिचा ताप उतरतो.

मूठ हलेना.
ग्रीस झालं, हातोडी झाली,
एक शिवी, माझ्यासमोर म्हणून अर्धीच.
मग करकरली.
ज्योत लांबली, कडेनं मळकट झाली,
जरा थरथरली.

मी पुन्हा वर.
दोनशे साठ. दोनशे दहा.
एकशे अठ्ठेचाळीसवर बराच वेळ थांबला.
ओरडून सांगितला आकडा.
ते काचेतून बघत होते,
तापातून उठलेल्या पोराकडे बघावं तसं.
मग हातातला डबा उंचावून
खालून विचारलं,
"अने आ क्यां लटकावुं?"