पिवळी रेघ

मार्च उतरला की फुलक्रां दार वाजवतो.
"डबा तू धर. ब्रश मी."
पंधरा वर्षं झाली, ब्रश अजून त्याच्याकडेच.

वेशीतून निघतो आम्ही.
लोखंडी दार जिच्यातून वरखाली सरकायचं
त्या दगडी खाचेत हल्ली
पोस्टवाली पार्सलं टेकवून जाते.
मग धुण्याचं टाकं, कोरडं.
मग गिरणी, आणि तिच्या भिंतीवर ओर्ब नदीचे पूर:
एक साल माझ्या कमरेशी कोरलेलं, एक खांद्याशी,
एक इतकं वर
की वाचायला मान मागे टाकावी लागते.
इथे तो रंग लावत नाही.
म्हणतो, "इथलं नदीनं लिहून ठेवलंय."

सरळ रेघ : चालत राहा.
मोडलेली रेघ : वळ.
फुली : इथून नाही.
एवढीच त्याची बाराखडी,
आणि ती वाचत परगावचे लोक
पाठीवर बिऱ्हाड घेऊन
डोंगरभर हिंडतात, हरवत नाहीत.

चढावर पाटीच्या दगडाचे बांध,
बांधांवर म्हाताऱ्या कारिन्यांच्या वेली,
गुडघ्याएवढ्या, पिळलेल्या.
छाटलेल्या टोकांतून पाणी ठिबकतंय.
गावात म्हणतात, वेल रडते.
फुलक्रां म्हणतो, "रडते कसली, जागी होतेय."
तोलोझानांचा मळा मात्र उपटलाय.
मुळं रचून ठेवलीत शेताच्या कोपऱ्यात,
कुणाच्या तरी चुलीसाठी.
तिथल्या खांबावरची रेघ त्याने तरीही रंगवली,
दोनदा.

मग अक्रोडाचं झाड.
त्याच्यापुढे सिदोनी बारास्कचा मळा,
मळ्यातून उतरणारी वाट, खाली थेट पूल.
पण झाडावर फुली.
दर वर्षी खरवडून नव्याने काढलेली,
माझ्या वयाहून जुनी.
तिच्यापायी सगळे जातात काटेरी झुडपांतून, वळसा घालून,
ट्रकांच्या रस्त्याने, दोन किलोमीटर जास्त.
का, ते मी तीन जणांकडून ऐकलंय.
एकात विहीर आहे, एकात लग्न,
तिसऱ्यात नुसतंच एक डुक्कर.
त्याला विचारलं तर म्हणायचा, "तिचा कुत्रा चावरा आहे."

या वर्षी झाडावर फुली नव्हती.
साल तासलेली, आतलं लाकूड ओलं, फिकट,
आणि शेजारी सिदोनी, हातात छाटणीची कात्री.

"काल दोघं आली," ती म्हणाली, माझ्याकडे बघत,
"नकाशा उलटा धरून. पोरगी लंगडत होती.
सोडलं आतून.
आता रोज रोज कोण सांगत बसणार?"

खाली नदीचा आवाज.
वर कुठेतरी कुणी ट्रॅक्टर सुरू करत होतं, होत नव्हता.

"कुत्रा?" फुलक्रांने विचारलं.
"गेला. नोव्हेंबरात."
त्याने टोपी काढली.
कुत्र्यासाठी काढली, असं मी धरून चालले.

मग ब्रश माझ्यासमोर केला.
"घे. माझा हात थरथरतोय."
हात थरथरत नव्हता.

मी रेघ ओढली. पंधरा वर्षांतली पहिली.
एक ओघळ सालीच्या भेगेत शिरला.
"तिरकी आली," सिदोनी म्हणाली.
फुलक्रांने डोळे बारीक केले, एक पाऊल मागे झाला.
"चालेल," म्हणाला.

आणि खरंच चालला,
वेलींच्या दोन ओळींमधून, टोपी हातातच,
जिथे ठिबकलेल्या पाण्याने माती काळी झाली होती
तिथे पाय न देता.
मी डबा घेऊन मागे.
तिसऱ्या बांधाला त्याचा पाय
न बघता पायरीवर पडला.
पायरी गवतात बुडालेली होती,
मला दिसलीही नव्हती.

पुलावर पोचलो. पलीकडच्या खांबावर
याच वाटेची दुसरी फुली,
खालून चढणाऱ्यांसाठी.
डब्यात रंग होता. ऊनही होतं.
मी ब्रश पुढे केला.

त्याने टोपी घातली.
"ती पुढच्या वर्षी."