अर्हताकारी सेवा

बाई स्वतः आल्या.
राज्याच्या संचालक. एखादा शिपाई धाडला असता तरी चाललं असतं.
पण आल्या, आणि सांगली जिल्हा परिषदेच्या दुसऱ्या मजल्यावर
माझ्या टेबलासमोरच्या बाकावर बसल्या,
ज्याचा एक पाय विटेवर आहे.

मी सेवापुस्तक उघडलं.
खरमाटे मंदाकिनी रावसाहेब.
उपशिक्षिका, आटपाडी. मग परीक्षा देऊन गटशिक्षणाधिकारी.
पुढं पानं जड होत जातात:
बदली, वेतननिश्चिती, शिक्क्यावर शिक्का,
पुणे, पुन्हा पुणे, मध्येच दोन वर्षं गडचिरोली.
का, ते सेवापुस्तकात नसतं.
बेरीज केली. छत्तीस वर्षं, चार महिने, नऊ दिवस.

"आणि त्याआधीचे अकरा महिने?"
जत तालुका, उमदीच्या पुढं एक वस्ती,
अंगणवाडी, महिना अडीचशे.
म्हटलं, मॅडम, मानधनाची सेवा धरत नाहीत.
"माहितीय. तो नियम मीच समजावायचे लोकांना.
मला फक्त हजेरी बघायचीय."

जेवणाच्या सुट्टीनंतर सापडली.
लाल फडक्यातला बस्ता, कडेनं वाळवीनं खाल्लेला.
एकोणीस नावं.
सातवं बसाप्पा, वय साडेतीन.
शेऱ्यात निळ्या शाईनं: बोलत नाही. बोलला तर असंबद्ध.
त्यावर काट.
बाजूला पेन्सिलीनं, इवलंसं:
मळे म्हणजे पाऊस.

बाई सांगू लागल्या, मला की त्या कागदाला, कळेना.
पोरगं दाराशी उभं राहायचं नि म्हणायचं, मळे, मळे.
मी बाहेर बघायचे. कुसळं. खडक.
कुठले रे मळे, इथं प्यायला टँकर येतो!
महिनाभर हेच.
शेवटी खिचडी ढवळता ढवळता निलव्वा हसली,
"बाई, पावसाला म्हणतंय की हो ते, आमच्या कानडीत.
ढग दावतंय तुमास्नी."

"वीस वर्षांचं पोर होते मी," बाई म्हणाल्या,
"आणि बोलत नाही असं लिहून मोकळी झाले होते.
ऐकत नाही, असा रकानाच नव्हता माझ्यासाठी."

पुढं मोठ्या खुर्चीत बसल्यावर
राज्याच्या तक्त्यातून त्यांनी एक ओळ खोडली
आणि तिथं विचारलं, मूल घरी कोणत्या भाषेत बोलतं?
एका ओळीसाठी सात बैठका झाल्या, म्हणे.
आमच्याकडं तो तक्ता येतो. बहुतेक जण
न विचारताच मराठी लिहितात.
हे मी त्यांना सांगितलं नाही.

झेरॉक्स काढून दिली.
दोन रुपये त्यांनी मोजून टेबलावर ठेवले.
जिन्यापाशी थांबल्या.
"निलव्वा कोणत्या साली सुटली असेल हो कामावरनं?"
मदतनिसांची जुनी नोंद या कार्यालयात नसते.
तसं सांगितलं.

मग मी रकाना भरला.
अकरा महिने: अग्राह्य.
शिक्क्याची शाई वाळली होती,
दोनदा मारावा लागला.