पाहुण्यांच्या बाजूचं दार

माझं काम सोपं. दार उघडायचं, दार लावायचं.
शिक्षा झालेला पोरगा आत येतो, दोन मिनिटं बसतो, जातो.
घरच्यांच्या बाजूला रोमुआल्दस असतो,
कुणाची आई कुठल्या बेकरीत ते त्याला ठाऊक.
माझ्या वाट्याला परके.
पाच दिवसांत पाच देशांच्या शिव्या शिकले.

त्याआधी एकोणतीस वर्षं वीजघरात, तिसऱ्या बॉयलरपाशी.
तो विझवला. आता बर्फाशेजारी बसते
पोटऱ्यांना घोंगडीचा तुकडा गुंडाळून.
एलेक्ट्रेनायमध्ये म्हाताऱ्या बाईला
याहून गारवा मिळणं कठीण.

भिंतीवर कागद आहे: सहा संघ, अठराच्या आतले.
पहिला वरच्या गटात, शेवटचा खालच्या.
पहिला कोण ते दुपारीच ठरलं,
उड्या मारून झाल्या, चषकातून लिंबूसरबत पिऊन झालं.
उरला होता शेवटचा.

आमची पोरं आणि ती डोंगरातली,
जर्सीवर रोमानिया, ओठांवर हंगेरियन.
दोन-दोन. तिसऱ्या सत्रातली
तीन मिनिटं चाळीस सेकंद शिल्लक.
आणि त्यांच्या घाईत बर्फावर एक जास्त.
पाच हवे होते, सहा निघाले.
शिट्टी.

ही चूक कुणा एकाची नसते, सगळ्या बाकाची असते.
म्हणून प्रशिक्षक बोट दाखवेल त्यानं यायचं.
त्यानं सगळ्यात धाकट्याला दाखवलं.
देमेतेर, पाठीवर सत्तावीस,
पंधरा पुरी झाली असतील नसतील.
आख्ख्या स्पर्धेत मी त्याला पाण्याच्या बाटल्या भरतानाच पाहिलेला.
बर्फावर एक जास्त होता तो हा नव्हे.
हा तर बर्फावर नव्हताच.

बाकापासून माझ्या दारापर्यंत
तेवढाच काय तो त्याचा खेळ.
चांगला सरकत आला, गुडघे वाकवून,
कुणी बघत असल्यासारखा.

मी दार लावलं. कडी थंडीनं अडते, खांदा द्यावा लागतो.
त्यानंही दिला.

सत्तेचाळीस सेकंद.
अठ्ठेचाळिसाव्याला आमच्या पोरानं पक
गोलरक्षकाच्या काखेतून आत घातला
आणि छप्पर उठलं.
खोटं का बोलू, माझ्याही घशापर्यंत आलं होतं.
गिळलं.

गोल झाला की शिक्षा संपते. नियम आहे.
मी दार उघडलं. तो उठेना.
"लाइस्वस," म्हटलं मी, मोकळा आहेस.
त्याला आमची भाषा येत नाही.
येत असती तरी.

मग भोंगा. मग निळ्या रेषेवर दोन रांगा,
आमचं राष्ट्रगीत, आणि समोर
सतरा वर्षांचे दांडगे मिशा फुटलेले
हातमोज्यात तोंड घालून रडणारे.
मी मोजलं त्यांना. त्यातले बहुतेक
पुढच्या वर्षी वयानं बाद.
खालच्या गटात उतरले ते, पण उतरणार नाहीत.
थोरला नापास झाला
आणि शाळेनं धाकट्याला खालच्या वर्गात बसवलं,
असला हा हिशेब.
वर गेलेल्यांचंही तेच. चषक चाटला एकांनी,
नऊ-शून्य खातील दुसरे.

देमेतेर रडत नव्हता.
रांग मोडल्यावर बाकाकडे गेला, बाटल्या गोळा केल्या,
एक कमी भरली बहुधा, पुन्हा मोजल्या,
आणि माझ्या खोक्याकडे पाहिलं.
इथेच होती, बाकड्याखाली.
मी काठावरून पुढे केली.
त्यानं घेतली आणि काहीतरी म्हणाला,
दोनच शब्द,
शिवी नव्हती, एवढं ओळखलं मी.

आता बर्फ घासायचं यंत्र येतंय.
ड्रायव्हर हात करतो: आटप, गेनोवाइते.
बाकड्यावर चिकटपट्टीचा बोळा,
सूर्यफुलाची टरफलं, दातांच्या खुणा असलेला एक लेस.
दार लोटते. कडी अडते.
खांदा देते.